सोलापुरात सात वर्षांच्या मुलीला शाळेनंतर कोणत्या गटात घालावं?

तुमची मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत जाते, घर जुळे सोलापुरात. तुम्ही दोघंही कामावरून सहानंतर येता आणि घरी आजी असते. शाखा, पथक, खेळाचं मंडळ, संस्कार वर्ग असे बरेच पर्याय समोर आलेत आणि त्यातलं कोणतं निवडावं, हा तुमचा प्रश्न.

संस्थेचं नाव आणि कपाटातल्या ढाली नंतर बघा. आधी एक तास मैदानाच्या कडेला थांबा, घड्याळ हातात घ्या आणि तिथलं कोणतंही एक मूल निवडा. ते मूल किती मिनिटं पळलं, खेळलं, गायलं आणि किती मिनिटं रांगेत नुसतं उभं राहिलं ते मोजा. या वयाला साठातली निदान पस्तीस मिनिटं हातपाय हलायला हवेत, असं माझं मत आहे.

हिशेब सोपा आहे. चोवीस मुलं एका रांगेत आणि प्रत्येकाची पाळी अर्ध्या मिनिटाची, म्हणजे पाळी परत यायला बारा मिनिटं लागतात. तासात पाच पाळ्या, मिळून अडीच मिनिटांचा खेळ. उरलेल्या वेळात ढकलाढकली, चिमटे, रडारड होते आणि ताईंचा सगळा आवाज दटावण्यात जातो. त्याच मुलांच्या चार रांगा केल्या तर पाळी दर तीन मिनिटांनी येते. खो-खोतही तेच. पाठलागाला नऊ, पळायला एका वेळी तीन, म्हणजे एका मैदानावर बारा जणच खेळात आणि बारा बाहेर. जाणता दादा फक्की टाकून दोन छोटी मैदानं आखतो, मोठ्यांची नऊ मिनिटांची पाळी दोन-तीन मिनिटांवर आणतो आणि चोवीसच्या चोवीस मुलं खेळात घेतो. मल्लखांब असेल तर एका खांबाला आठ-दहा मुलं पुरे. खांब लहानांच्या मापाचा, खाली गादी, आणि मूल वर असेपर्यंत शिकवणाऱ्याची नजर त्याच्यावरच हवी. गादी फाटून मधे खड्डा पडला असेल तर तिथं घालू नका. पाय मुरगळतो तो बहुतेक उतरताना.

बाद झालेलं मूल कुठं जातं तेही बघा. चांगल्या गटात ते गुण मोजतं, शिट्टी सांभाळतं, नाहीतर दोन मिनिटांत परत आत येतं. वाईट गटात ते कडेला माती उकरत बसतं. आणि लवकर बाद होणारी मुलं रोज तीच असतात, म्हणजे ज्यांना खेळाची जास्त गरज तीच सर्वांत कमी खेळतात.

आता पर्याय. स्काउट-गाइडमध्ये या वयाच्या मुलग्यांसाठी कब आणि मुलींसाठी बुलबुल आहे, पाच ते दहा वर्षांपर्यंत. ही पथकं बहुतेक शाळांमधून चालतात, म्हणून आधी मुलीच्या शाळेतच विचारा. सहा-सहा जणांच्या तुकड्या असतात, त्यामुळे बुजरं मूल गर्दीत हरवत नाही. फक्त पथक वर्षभर नियमित भरतं की १५ ऑगस्टच्या संचलनापुरतंच, याची खात्री करून घ्या. कागदावरची पथकं पुष्कळ असतात.

संघाची शाखा आणि राष्ट्र सेवा दलाची शाखा हे दोन्ही जुने मार्ग. संघ १९२५ चा, सेवा दल १९४१ चं. खेळ, गाणी, कवायत आणि गोष्टी दोन्हीकडे असतात, खर्च नगण्य. पण दोन्हींमागे ठाम आणि एकमेकांहून वेगळा विचार आहे, आणि सात वर्षांचं मूल तो गाण्यांतून नकळत उचलतं. गाणी आणि गोष्टी तुम्ही स्वतः ऐका, घरात पटतात का ते आधीच ठरवा. मुलीची मैत्री जमल्यावर मधेच काढून घेतलं तर त्रास तिलाच होतो. संघाच्या शाखेत मुलगेच असतात, मुलींसाठी राष्ट्र सेविका समिती वेगळी आहे. संस्कार वर्ग आठवड्यातून एखाद-दोनदाच भरत असेल तर पाठांतर-गोष्टींसाठी ठीक, पण मैदानाची भूक त्यानं भागत नाही. अबॅकस आणि स्कॉलरशिपचे वर्ग यात धरूच नका, ती शाळेचीच शेपटी.

भाषेकडे सोलापुरात लक्ष द्यावंच लागतं. पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोटकडून आलेल्यांच्या घरी कन्नड, कुठं दखनी. खेळाचा नियम एकदाच आणि भराभर मराठीत सांगितला की अशी मुलं दुसऱ्याचं बघून पळतात, चुकतात आणि ‘लक्ष नसतं’ असा शिक्का घेऊन बसतात. नियम आधी करून दाखवणारा दादा सगळ्यांनाच उपयोगी, तुमच्या मुलीलाही.

वेळेचं गणित ऋतूंवर बसवा. मार्च ते मे पारा चाळिशीपार जातो. तेव्हा साडेपाचलाही जमीन तापलेली असते, म्हणून गट सहानंतर किंवा सकाळी सातला भरायला हवा. डिसेंबरात उलट, सूर्यास्तच सहाच्या आसपास, त्यामुळे दिवे नसलेल्या मैदानावर सातपर्यंतचा गट चालत नाही. गट होम मैदानावर भरत असेल तर जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत तो कुठं जातो, हे विचारून ठेवा. पावसात काळ्या मातीचा चिखल होतो, तेव्हा छप्पर कुठलं? चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासननिर्णय २०२४ मध्ये निघाल्यापासून बरीच मुलं घरीच उशिरा येतात. शाळा सुटल्यावर तासभर तरी घरी मिळायला हवा. आजींना सांगा, निघण्याआधी अर्धा तास अर्धी पोळी-शेंगा चटणी किंवा केळं पुरे, वडापाव-भजी नको. पाण्याची बाटली घरूनच भरून द्या. घरापासून पंधरा मिनिटांहून लांबचा गट दोन महिन्यांत सुटतो.

सुरक्षेचे प्रश्न विचारताना संकोच करू नका. दोन मोठी माणसं कायम हजर असतात का, त्यात एक बाई आहे का, स्वच्छतागृहात मुलींना कोण नेतं, मूल कोणाच्या हाती सोपवतात? आजी किंवा ठरलेले रिक्षाकाका सोडून कोणाबरोबरही पाठवायचं नाही, हे लेखी द्या. मुलांना बंद खोलीत एकट्यानं बोलावणं, शिक्षा म्हणून मारणं, आईबाबांना बघू न देणं, यातलं एकही दिसलं तर दुसऱ्या दिवसापासून पाठवू नका. लैंगिक त्रासाची शंका आली तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं तसं कळवणं बंधनकारक आहे. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

वर्षाची फी एकदम भरू नका, महिन्याची भरा. गणवेश, शिबिर, स्नेहसंमेलनातले कपडे यांचा खर्च वेगळा पडतो का ते आधीच विचारा. बघायला दोनदा जा. एकदा सांगून, एकदा न सांगता शेवटच्या पंधरा मिनिटांत. दमलेली ताई आणि कंटाळलेली मुलं एकत्र येतात ती हीच वेळ, आणि गटाचा खरा स्वभाव तेव्हाच दिसतो.

पहिले दोन आठवडे रडणं धरून चाला. दीड महिन्यानंतरही फक्त गटाच्याच दिवशी पोट दुखत असेल तर कारण शोधा. ‘मजा आली का?’ विचारलं की ‘हो’ एवढंच येतं. त्याऐवजी ‘आज बाद झाल्यावर काय केलंस?’, ‘कोणाच्या शेजारी बसलीस?’ असं विचारा. आणि सोडायचंच ठरलं तर मुलीला शेवटच्या दिवशी सोबत नेऊन ताईंचा निरोप घेऊ द्या. गप्पकन जाणं बंद केलं की आपलंच काही चुकलं, असं या वयाची मुलं धरून बसतात.