पावडर लॅबला देण्याआधी
दांडिया बाजारात जिमला लागलास, छान! प्रोटीन पावडर लॅबमध्ये तपासून घ्यायचं ठरवलंस, हे तर फारच चांगलं. फक्त लॅबला ‘सगळं तपासा’ म्हणू नकोस. प्रत्येक चाचणीचे पैसे वेगळे, बिल फुगतं.

- आधी डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय (देशाची अन्न सुरक्षा संस्था) परवाना नंबर आणि बॅच नंबर बघ.
- साधी प्रोटीन चाचणी थेट प्रोटीन नाही, नायट्रोजन मोजते. नायट्रोजन असलेलं स्वस्त ग्लायसिन (एक अमिनो ॲसिड) मिसळलं तरी आकडा झकास येतो! म्हणून अमिनो ॲसिड प्रोफाइल, म्हणजे कोणतं अमिनो ॲसिड किती, ते माग.
- स्टेरॉइडची तपासणी वेगळी आणि महाग. रिपोर्ट त्या नमुन्यापुरताच.

आणखी एक, हे बहुतेकांना माहीतच नसतं: अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६, कलम ४०. माल तपासून घेणार आहे असं खरेदी करतानाच दुकानदाराला सांगायचं, फी भरून फूड ॲनालिस्टकडे (या कायद्याखाली नेमलेला अन्न तपासनीस) नमुना द्यायचा. माल नियमात बसला नाही तर फी परत मिळते. बिल मात्र पक्कं घे.