बोटं राहू देत, श्वासाकडे बघ

महिना झाला तरी पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढे वाकताना) बोटं पायाला लागत नाहीत, म्हणून खट्टू झालीस ना? अगं, बोटं राहू देत. गुडघे किंचित वाकव, पाठ लांब ठेव. श्वास घशाशी अडकला की तिथेच थांब, पुढे रेटू नकोस. मी पहिल्या वर्षी रेटलं आणि मांडीमागची शीर धरून दोन महिने लंगडत होते. (हौस, दुसरं काय!)

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर जेमतेम ३ सूत्रं आहेत. पहिलंच 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन. पायाच्या बोटांचा उल्लेखही नाही. अभ्यासाबद्दल मात्र पतंजली स्पष्ट सांगतात: दीर्घकाळ, खंड न पाडता, आदरानं. यातला आदरच मला सर्वांत उशिरा कळला.

आणि हो, जवळची माणसं म्हणतील, 'तू बदललीस.' मला ते फार टोचलं होतं. पूर्वी कुणी काही बोललं की माझं उत्तर तयार असायचं. हल्ली मध्ये एक श्वास जातो. त्यांना तो तुटकपणा वाटतो. लगेच खुलासे देत बसू नकोस, त्यांनाही सवय व्हायला वेळ लागतो.

रोज वीस मिनिटं पुरेत. शवासन तेवढं टाळू नकोस, सगळे नवखे तेच टाळतात.