सेंचा कडू का होतो?

प्रश्न : मुलानं जपानहून सेंचा (तिथला ग्रीन टी) पाठवलाय. आपल्या चहासारखा उकळला तर नुसता काढा होतो. काय चुकतं?
— वाचक, खानापूर

उत्तर : उकळणंच चुकतं. जपानात पानं खुडल्यावर लगेच वाफवतात. ती हिरवी राहतात, पण नाजूक होतात आणि त्यांचा अर्क झटकन उतरतो. खळखळत्या पाण्यात कॅटेचिन (चहातली तुरट द्रव्यं) आणि कॅफीन भराभर सुटून तोंड तुरट होतं. चवीला गोडवा देणारं थिॲनिन मात्र 70 अंशांच्या पाण्यातही छान उतरतं.

दोन लहान कपांना 4 ग्रॅम पानं (साधारण दोन सपाट चमचे) आणि 200 मिली पाणी घ्या. थर्मामीटर लागत नाही. उकळलेलं पाणी आधी एका भांड्यात, मग दुसऱ्यात, मग पानांवर ओता. दर ओतण्याला अंदाजे 10 अंश उतरतात. झाकून एक मिनिट ठेवा, ढवळू नका. नंतर दोन्ही कपांत थोडं थोडं आलटून पालटून, शेवटच्या थेंबापर्यंत गाळा. किटलीत पाणी राहिलं की पानं मुरतच राहतात आणि दुसरा चहा बिघडतो. दुसऱ्या वेळी पाणी जरा जास्त गरम चालेल, पण 15-20 सेकंदच.

बोअरचं पाणी जड असेल तर चव सपाट लागते, तेव्हा फिल्टरचं वापरा. खानापुरातल्या पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं की पानं सादळलीच! घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून लांब ठेवा. ती वास लगेच ओढतात.

प्रश्न : हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. वजन उतरावं म्हणून जेवल्यावर ग्रीन टी घेऊ का?
— वाचक, निपाणी

उत्तर : जेवणावर मुळीच नको. भाकरी-उसळीतलं लोह कॅटेचिनांना चिकटतं आणि अंगी लागत नाही. जेवणानंतर निदान तासभर, गोळीनंतर दोन तास जाऊ द्या. वजनावर होणारा परिणाम अगदी किरकोळ आहे. दूध-साखरेच्या चहाऐवजी घेतलात तर तेवढी साखर टळते, हा फायदा मात्र नक्की. सेंचाच्या 100 मिलीत सुमारे 20 मिलिग्रॅम कॅफीन असतं, म्हणून झोप हलकी असेल तर संध्याकाळनंतर टाळा. अर्काच्या कॅप्सूल मात्र घेऊ नका, त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. रक्तदाबासाठी नॅडोलॉल घेत असाल तर ग्रीन टी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण या चहानं ते औषध रक्तात कमी उतरतं.