डीएपी टाकलेल्या रानात मायकोरायझाचा फरक का दिसत नाही?

खानापूरकडे भात-ऊस करता, डीएपी हे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत दरसाल असतंच, यंदा मायकोरायझा, म्हणजे मुळांशी नातं जोडणारी बुरशी, तीही टाकली, तरी फरक नाही, असं तुम्ही विचारलंय. दोष बहुधा पुडीचा नसून डीएपीचा आहे.

मुळाला स्फुरद कमी पडलं की ते स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्यं मातीत सोडतं आणि बुरशीला बोलावून घेतं. बुरशी मुळाच्या पेशीत शिरून बारीक फाटे फोडते. तिथेच देवघेव चालते: पिकाकडून साखर आणि स्निग्ध पदार्थ, बुरशीकडून स्फुरद आणि थोडं जस्त. स्फुरद मातीत फारसं हलत नाही. मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा थर बघता बघता रिकामा होतो, आणि बुरशीचे तंतू त्याच्याही पलीकडे पोचतात. डीएपीत ४६ टक्के स्फुरद असतं. ते आयतं मिळालं की पीक बुरशीला बोलावणंच कमी करतं, साखर कशाला खर्च करेल? नत्राची मात्र उपासमार असेल, तर काही वनस्पती भरपूर स्फुरदातही हे नातं टिकवतात.

खानापूरच्या जांभ्या जमिनीत लोह-ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, म्हणून आधी माती परीक्षण कराच. स्फुरद भरपूर निघालं तर डीएपी कमी करा. धूळवाफ पेरणीच्या (कोरड्या मातीत पेरलेल्या) भातात ही बुरशी बरी वाढते, सतत पाणी तुंबलेल्या खाचरात कमी. आणि कोबी-फ्लॉवरला मायकोरायझा विकत घेऊ नका, त्या कुळाची मुळं ही बुरशी स्वीकारतच नाहीत.