साडेआठलाच का मोजते, विचारलंत का?

प्रश्न : मुलीची यंदा बारावी सायन्स झाली. नीटला मार्क कमी पडले. महाबळेश्वरला ढगांवर संशोधन चालतं हे कुठंतरी वाचल्यापासून 'नीट नको' म्हणते. रोज सकाळी साडेआठला गच्चीवर डब्यातला पाऊस मोजून वहीत लिहीत बसते. अभ्यासाला शिस्तच नाही, म्हणून वही काढून घेतली. शेवटी ढग म्हणजे भूगोलच, मग सायन्सला घालून काय उपयोग? रिपीटसाठी लातूरला ठेवायचं ठरवलं आहे. क्लास सुचवा. – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : क्लास सुचवणार नाही. पत्रात मार्क आहेत, लातूर आहे. मुलीचं म्हणणं तेवढं दोन शब्दांत उरकलंत.

आधी वही परत करा. साडेआठ ही वेळ तिनं उगीच धरलेली नाही. हवामान खात्याच्या वेधशाळांत चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतात. हे नीटच्या अभ्यासक्रमात नाही, तिनं स्वतः शोधलं असणार. कोल्हापूरच्या पावसात रोज ठरल्या वेळेला गच्चीवर जाणाऱ्या पोरीला अभ्यासाची शिस्त नाही, असं मला तरी म्हणवत नाही. जमलं तर साधा पर्जन्यमापक घेऊन द्या. लातूरच्या खर्चापुढं तो किरकोळ आहे.

आता तुमचा भूगोल. ढगांचा अभ्यास म्हणजे पदार्थविज्ञान, गणित आणि भरपूर इलेक्ट्रॉनिक्स. सिलोमीटर नावाचं यंत्र आकाशात लेझर सोडतं आणि तो परतायला लागलेल्या वेळावरून ढगाचा तळ किती उंचीवर आहे ते काढतं. पण दाट ढगात लेझर फार आत शिरत नाही. तिथं रडार लागतो. थेंब केवढे पडले ते डिसड्रोमीटर सांगतो. एकाच ढगाकडं ही सगळी यंत्रं रोखायची आणि आकडे जुळवायचे, हे एकट्याचं काम नव्हे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची महाबळेश्वरची प्रयोगशाळा 2012 पासून असंच काम करते आहे. 2011-12 मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागानं ढगांचा वेध घेणारी स्वतःची फिरती यंत्रणा नैनितालला आणली होती. सोबत बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि इस्रो. अशा मोहिमांत यंत्र दुरुस्त करणारा आणि प्रोग्रॅम लिहिणाराही लागतो. सगळ्यांनाच पीएच.डी. करावी लागत नाही.

मार्ग सरळ आहे : फिजिक्स घेऊन बी.एस्सी., मग एम.एस्सी., पुढं संशोधनासाठी नेट किंवा गेट ही परीक्षा. इंजिनिअरिंगकडूनही येता येतं. पगार डॉक्टरइतका नसेल आणि कायम नोकरीला वेळ लागेल, हे तिलाही स्पष्ट सांगा. ऐकून ती स्वतःच नीटकडं वळली, तर खुशाल रिपीट करू दे. तुमच्या धाकानं मात्र नको. तसं लातूरला गेलेलं पोर पुढच्या वर्षी तेवढेच मार्क घेऊन परत येतं.

तोवर बी.एस्सी.चा फॉर्म तरी भरून ठेवा. या आठवड्यातच कॉलेजात जाऊन प्रवेशाची शेवटची तारीख विचारा. जाताना तिलाही न्या, फिजिक्सच्या सरांशी तिलाच बोलू द्या.