बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, सोलापुरात राहतो. व्यवसायाचं गणित एक्सेलवर शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

फॉर्म्युले पाठ करण्यापासून नको. एक खरा धंदा घ्या. सोलापुरात शेंगा चटणीपेक्षा सोपं उदाहरण नाही.

समजा, एक पाकीट १०० रुपयांना विकायचं. शेंगदाणे, तिखट, लसूण, पॅकिंग मिळून खर्च ७० रुपये. भाडं, वीज, पगार महिन्याला १२,०००. प्रत्येक आकडा वेगळ्या सेलमध्ये (शीटच्या चौकटीत) लिहा, फॉर्म्युल्यात कोंबू नका. सगळी गंमत तिथेच आहे. एका पाकिटामागे ३० रुपये उरतात; १२,००० भागिले ३०, म्हणजे ४०० पाकिटं विकली की ना नफा ना तोटा.

आता दुकानदार म्हणतो, "पाच रुपये कमी करा." १०० च्या जागी ९५ टाका. ४०० चे थेट ४८० होतात! सूट पाच टक्के, पण विक्री वीस टक्के जास्त लागते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कुठलीही सूट देताना हात आपोआप थांबतो. किंमत १०० च ठेवली, पण शेंगदाणे महागून खर्च ७५ झाला, तरी आकडा तोच, ४८०.

घरच्यांची मजुरी मात्र खर्चात धराच. आई-काकूंचे कष्ट शून्य धरले की तोट्यातला धंदाही नफ्यात दिसतो.

पुढे 'गोल सीक' शिका: हवा तो नफा सांगायचा, किती पाकिटं लागतील ते शीट सांगतं. एक्सेल नसेल तर लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे, त्यातही ही सोय मिळते. मग हेच शीट टॉवेल-चादरीच्या धंद्याला लावून बघा. तिथे उधारी किती दिवसांनी वसूल होते, हा रकाना वाढवावा लागेल.