आरारूट पावडर त्वचेला लावली तर चालते का? आणि स्वयंपाकात कॉर्नफ्लोअरऐवजी वापरता येते का?

दोन्ही चालतं. पण आधी तुमच्या पुडीत खरंच आरारूट आहे का, ते बघा.

मी ठाण्यात घरगुती ऑर्डरी घेते, त्यातही उपवासाच्या जास्त. त्यामुळे आरारूट मला किलोकिलोने लागतं. दुकानात ‘आरारूट’ म्हणून जे सुटं पीठ मिळतं, ते बऱ्याचदा मक्याचं नाहीतर टॅपिओकाचं (ज्या कंदाचा साबुदाणा करतात त्याचं) स्टार्च असतं. उपवासाला मका न चालणाऱ्या किती घरांत श्रावणी सोमवारी मक्याचीच पॅटिस खाल्ली जात असतील, देव जाणे! पाकीटबंद माल घ्या आणि मागचे घटक वाचा, तिथे ‘मेझ स्टार्च’ छापलेलं असलं की तो मका, विषय संपला. आयोडीनचा थेंब टाकून शुद्धता ओळखायची युक्ती फिरत असते, तिचा काही उपयोग नाही; आयोडीनने कुठलंही स्टार्च निळं-काळं पडतं. त्यापेक्षा चमचाभर पीठ गार पाण्यात कालवा, ते कपभर उकळत्या पाण्यात ओता आणि ढवळा. आरारूट काचेसारखं पारदर्शक होतं, मका दुधाळ राहतो. टॅपिओका या परीक्षेत पास होतो खरा, पण त्याला तार जास्त सुटते.

मूळचं आरारूट अमेरिकेच्या उष्ण भागातल्या एका झाडाच्या कंदापासून निघतं. कॅरिबियन समुद्रातलं सेंट व्हिन्सेंट बेट त्यासाठी प्रसिद्ध होतं. आपल्याकडे हळदीच्या कुळातल्या रानकंदापासून तसंच पीठ काढतात. कोकणात ते तवकील, तिकडे बस्तरमध्ये तिखूर. माझं माहेर सिंधुदुर्गातलं, तिथे पाऊस सरून पानं सुकली की कंद खणतात, धुऊन किसतात आणि कीस पाण्यात कालवून फडक्यातून गाळतात. पांढरा साका तळाशी बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी घालायचं. कडवटपणा जाईपर्यंत हे चालूच. मग कडक उन्हात वाळवायचं. टोपलीभर कंदातून निघणारं पीठ बघितलं की त्याच्या किमतीबद्दल कुणी कुरकुर करणार नाही.

एवढं धुतल्यावर उरतं ते निव्वळ स्टार्च. प्रथिनं नावापुरती, 100 ग्रॅममागे साधारण 350 कॅलरी. त्याच्या अंगी मुख्य गुण एकच, ओल धरून ठेवायची. त्वचेवर असो की कढईत, तो एवढंच करणार.

आता स्वयंपाक. कॉर्नफ्लोअर तीन चमचे लागत असेल तिथे आरारूट दोन चमचे पुरे. गरम पदार्थात कोरडं टाकू नका, गुठळ्या होतात; गार पाण्यात कालवून शेवटी घाला, दाट झालं की लगेच गॅस बंद. फार वेळ उकळत ठेवलं, घोटत बसलं की ते परत पातळ होतं. आंबट पदार्थात मात्र ते मक्यापेक्षा चांगलं टिकतं. स्ट्रॉबेरीचा किंवा करवंदांचा सॉस करून बघा, रंग कसा लख्ख राहतो! दुधाचं तंत्र वेगळं. पातळ पेज चालते, पण दाट कस्टर्ड करायला गेलात तर लिबलिबीत होतं. तिथे कॉर्नफ्लोअरच बरं.

उपवासाच्या पॅटिसमध्ये सगळा खेळ बटाट्याचा. बटाटे उकडून पूर्ण गार करा, जमलं तर आदल्या रात्रीच उकडून फ्रिजमध्ये ठेवा, आणि किसून घ्या. अर्ध्या किलोला तीन-चार मोठे चमचे आरारूट, मीठ. आत ओलं खोबरं, दाण्याचा कूट, हिरवी मिरची, बेदाणे. पारी बोटांना चिकटत असेल तर बटाट्यात पाणी जास्त आहे. आणखी थोडं आरारूट घाला, आणि आधी एकच पॅटिस तळून बघा. तेल नीट तापलेलं नसेल तर फुटणार.

तवकीलाच्या वड्याही जरूर करा. एक वाटी पीठ, साधारण चार वाट्या नारळाचं दूध, चवीप्रमाणे गूळ, वेलची. सगळं गार असतानाच एकत्र करून गाळायचं आणि मंद आचेवर सतत ढवळायचं. गोळा पारदर्शक होऊन कडा सोडू लागला की तूप लावलेल्या ताटात ओता. इथे मात्र घोटायला कंटाळू नका, पीठ भरपूर असल्यामुळे पातळ व्हायची भीती नसते.

त्वचेबद्दल मी जरा हात राखूनच बोलेन. कोरड्या अंगावर घाम आणि तेल टिपायला आरारूट छान. काखेत, मांड्या घासतात तिथे, बूट घालायच्या आधी पायांना. तेलकट चेहऱ्यावर मऊ ब्रशने अगदी हलका हात फिरवला की चकाकी कमी होते. केस धुवायला वेळ नसेल तर मुळांशी चिमूटभर चोळून विंचरून टाका. काळ्या केसांत पांढरं दिसतं, म्हणून थोडा कोको मिसळतात. पण त्याने रंग उजळत नाही, डाग जात नाहीत, मुरमंही बरी होत नाहीत. फेसपॅकमध्ये ते फक्त बाकीचं सामान धरून ठेवतं. ओल्या अंगावर लावलंत तर गोळे होतात आणि तेच घासतात. गजकर्ण किंवा बुरशीची खाज असेल तर पावडरी सोडा, डॉक्टरांना दाखवा.

इंटरनेटवरच्या घरगुती डिओडरंटमध्ये खोबरेल, आरारूट आणि खायचा सोडा असतो. सोडा वगळा, तो अल्कधर्मी असल्यामुळे कित्येकांची काख लाल होते. शिवाय खोबरेल 24 अंशांच्या आसपास वितळतं. थंड देशातल्या पाककृतीतली ती घट्ट कांडी ठाण्यात मे महिन्यात तेलाची वाटी होणार. नुसती पावडरच बरी. घाम येणं तिने थांबत नाही, फक्त टिपला जातो.

तान्ह्या बाळासाठी विचारत असाल तर जपून. टाल्क या खनिज भुकटीने कर्करोग होतो का, या वादानंतर जॉन्सन अँड जॉन्सनने 2023 मध्ये जगभर टाल्कची बेबी पावडर बंद करून मक्याच्या स्टार्चची ठेवली, म्हणून लोकांना वाटतं स्टार्च असलं की काळजी नाही. पण कुठलीही बारीक भुकटी नाकात गेली की बाळाला त्रासच. डबा बाळावर झटकू नका.

पोट बिघडल्यावर आरारूटची पेज पचायला हलकी म्हणून आजही देतात. द्यायला हरकत नाही, पण जुलाबात आधी जलसंजीवनी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पेज नाहीच. मधुमेह असेल तर ‘उपवासाचं’ म्हणून मनसोक्त खाऊ नका, रक्तातली साखर पटकन चढते. आणि न्हाणीघरातला डबा वेगळा ठेवा, ओला हात लागलेलं पीठ परत स्वयंपाकघरात नको.